वाढत्या अंगाची सायकल नको! लेकरासाठी पहिली सायकल निवडताना

सायकलच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, ‘पोट्टं किती वर्षांचं?’ तुम्ही ‘पाच’ म्हणालात की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘मग भाऊ, वीस इंची घेऊन टाका. वाढून राहिलं ना ते, दोन-तीन वर्षं पाहायचं काम नाही.’ ऐकायला पटतं. शाळेचा गणवेशही आपण वाढत्या अंगाचाच शिवतो. पण सैल शर्टाची बाही दुमडता येते, उंच सायकलची सीट मात्र एका मर्यादेखाली जात नाही. लेकराचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ते दोनदा पडतं, तिसऱ्यांदा सायकलकडे बघत नाही. मग सायकल जिन्याखाली जाते आणि आपण म्हणतो, ‘याला आवडच नाही.’

पहिली सायकल आजच्या पायाची घ्यायची. पुढच्या दिवाळीच्या पायाची नाही. बाकी सगळं त्यानंतर.

आधी घरी पाय मोजा

वय आणि उंची यांपेक्षा उपयोगाचं माप म्हणजे पायाची आतली लांबी. एकाच वर्गातल्या, एकाच उंचीच्या दोन मुलांचे पाय वेगळे असू शकतात. लेकराला बूट घालून भिंतीला पाठ टेकवून उभं करा. पावलांत थोडं अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं एखादं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये आडवं धरा, त्याची एक कड भिंतीला लागलेली हवी, आणि सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं वर सरकवा. आता जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोनदा मोजा, कारण गुदगुल्या झाल्या की मुलं टाचा उचलतात. आलेला आकडा सेंटिमीटरमध्ये मोबाइलवर लिहून ठेवा आणि दुकानात जाताना टेप खिशात टाका.

मुलांच्या सायकली चाकाच्या इंचांवर विकल्या जातात: १२, १४, १६, २०. ढोबळ हिशेब असा की पायाची लांबी ३५ ते ४२ सेंटिमीटर असेल तर १२ इंची, ४० ते ४८ असेल तर १४ इंची, ४५ ते ५५ असेल तर १६ इंची, आणि ५५च्या वर गेली की २० इंची. आकडे एकमेकांवर चढलेले दिसतात ते मुद्दामच. दोन १६ इंची सायकलींच्या सीटच्या उंचीत चांगला फरक असतो, कारण फ्रेम वेगळी असते. म्हणून टायरवरचा आकडा हा नुसता अंदाज. दुकानात सीट सगळ्यात खाली करायला सांगा आणि जमिनीपासून सीटच्या वरच्या भागापर्यंत टेप लावा. शिकणाऱ्या मुलासाठी ही उंची पायाच्या मापापेक्षा एक-दोन सेंटिमीटर कमीच हवी. म्हणजे सीटवर बसून दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे किंचित वाकलेले राहतील.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

वजनाकडे कुणी बघत नाही

मला विचाराल तर आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते वजनाकडे. चार वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १६ किलो, पाचव्या वर्षी १८ किलोच्या आसपास. जाड लोखंडी फ्रेम, स्टीलचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, टोपली, साइड व्हील असा सगळा सरंजाम चढवला की १६ इंची सायकलही सहज दहा किलोच्या घरात जाते. म्हणजे लेकराच्या निम्म्याहून जास्त वजन. तुमचं वजन सत्तर किलो असेल तर पस्तीस-चाळीस किलोची सायकल तुम्ही हौसेने चालवाल का?

सायकल मुलाच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आत असावी असा एक दंडक सांगतात. साध्या बजेटमध्ये तशी सायकल मिळणं कठीण आहे. निम्म्याच्या आत बसली तरी चालेल, पण त्यापलीकडे जाऊ नका. वजन काढणं सोपं आहे. घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग सायकल उचलून उभे राहा, आणि वजाबाकी करा. दुकानात काटा नसेल तर एक परीक्षा सांगतो, ती कुठल्याही आकड्यापेक्षा खरी. सायकल जमिनीवर आडवी करा आणि मुलाला म्हणा, ‘उचल बरं.’ त्याने हँडल आणि सीट धरून, दात-ओठ खात का होईना, ती स्वतः उभी केली तर वजन जमतंय. तुमच्याकडे बघत राहिलं तर पुढची सायकल दाखवायला सांगा. शिकताना सायकल पडणारच, आणि दर वेळी ती उचलायला बाबाच लागले तर मैदानातली मजा तिथेच संपते.

वजन कमी करायचा फुकटचा उपाय म्हणजे नको ते काढून टाकणं. कॅरिअर, मागची बाहुलीची सीट, समोरची टोपली, पाण्याच्या बाटलीचा जाड स्टँड, काहीच लागत नाही. चेनकव्हर मात्र काढू देऊ नका. पूर्ण झाकलेलं चेनकव्हर हवंच, नाहीतर पायजम्याचा पाय नाहीतर फ्रॉकचा घेर चेनमध्ये गेलाच म्हणून समजा. रिफ्लेक्टरही राहू द्या.

आणि शॉकअप? पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, वर मोटारसायकलसारखी खोटी टाकी. लहान मुलाच्या वजनाने ती स्प्रिंग बहुतेक वेळा दबतच नाही, नुसतं वजन वाढवते. गिअरही या वयात नको. एकच गिअर, हवेचे टायर, साधे ब्रेक एवढं पुरे. उरलेले पैसे हेल्मेटला ठेवा.

रंग मात्र पोराला निवडू द्या. तेवढा हक्क त्याचा.

दुकानात बसवून बघताना

मुलाला नेल्याशिवाय सायकल घेऊ नका. सरप्राइजची हौस असेल तर रंगीत कागदात हेल्मेट गुंडाळा.

सीट खाली करून बसवा. तळवे टेकतात ना, बघा. मग सीटच्या पुढे, फ्रेमच्या दांडीवर पाय फाकून उभं करा. दांडी आणि अंग यांच्यात दोन-तीन बोटांची जागा हवी. हँडल धरलं की कोपरं थोडी वाकलेली असावीत. आता हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायला सांगा. लांबचा हात ताणला जाऊन खांदा पुढे ओढला जातो का, गुडघा हँडलला आपटतो का, दोन्ही बघा.

यानंतर ब्रेक, आणि इथे घाई नको. मुलाने मुठीतून हात न काढता दोन-तीन बोटांनी लिव्हर दाबली पाहिजे. बोटं पोचत नसतील तर लिव्हरजवळचा छोटा स्क्रू आत घेऊन ती मुठीजवळ आणता येते का ते विचारा. बऱ्याच सायकलींवर येते. पोचूनही दाबता येत नसेल तर वायर फार कडक आहे. तेल टाकून, वायर सैल करून पुन्हा बघा. मग चाक उचलून फिरवा आणि कोणत्या हाताचा ब्रेक कोणत्या चाकाला आहे ते स्वतः तपासा, कारण सगळ्या सायकलींवर ते सारखं नसतं. मुलाला मागचा ब्रेक आधी शिकवायचा असतो, म्हणून आपल्याला माहीत हवं.

चाक फिरवतानाच रिम ब्रेकच्या रबराला घासते का, डोलते का तेही दिसेल. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी खट-खट जाणवलं तर तिथली बेअरिंग सैल आहे, दुकानातच आवळून घ्या. पायडलचे दांडे धरून बाजूला हलवा, तिथेही तेच.

एक चूक सायकल जोडताना वारंवार होते आणि आपल्या लक्षात येत नाही. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, उलटा बसवलेला असतो. ओळखायची खूण: फोर्कचे दोन पाय खाली जाताना पुढे वळलेले हवेत, म्हणजे मुलापासून दूर. पुढचा ब्रेक फोर्कच्या मागे लपलेला दिसला आणि पुढचं चाक पायडलच्या फार जवळ आलं असेल, तर फोर्क उलटा आहे. अशी सायकल वळताना बिचकते आणि बूट चाकाला लागतो. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते, तिच्यात हे हमखास तपासा. खरं तर ऑनलाइन घेतली तर वस्तीतल्या सायकलवाल्याकडून जोडून घ्या. तो त्याची मजुरी घेईल आणि ती वसूल होईल.

बिल घेताना लक्षात असू द्या: २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

साइड व्हीलचं काय करायचं

आजी-आजोबांना साइड व्हील हवीच असतात, ‘पडलं तर लागेल ना’ म्हणून. पण सायकल शिकणं म्हणजे मुख्यतः तोल शिकणं, आणि साइड व्हील नेमका तोच शिकू देत नाहीत. दोन चाकांवर वळताना अंग आत झुकतं. साइड व्हील असतील तर झुकताच येत नाही, उलट अंग बाहेर फेकलं जातं. ही सवय नंतर मोडावी लागते. त्यात आपले रस्ते. सिमेंट रोड संपतो, गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात, मध्ये बोटभर उंचीचा फरक. दोन्ही साइड व्हील उंच भागावर टेकली की मागचं चाक हवेत गरगर फिरतं आणि लेकरू जागच्या जागी पायडल मारत बसतं.

त्याऐवजी पायडलच काढा. 1817 साली जर्मनीत कार्ल फॉन द्राइस याने जी दोनचाकी बनवली तिला पायडल नव्हतेच, माणूस पायाने जमीन रेटत जायचा. मुलंही तशीच पटकन शिकतात. दोन ते साडेतीन वर्षांच्या मुलासाठी बिनपायडलची बॅलन्स बाइक मिळते, पण चार-पाच वर्षांच्या मुलासाठी ती वेगळी विकत घ्यायची गरज नाही. नव्या सायकलचे पायडल १५ नंबरच्या पान्याने काढा, सीट खाली करा, झाली बॅलन्स बाइक तयार.

काढताना एक लक्षात ठेवा. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे असतात. डावा पायडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून लावून तो अजूनच आवळतो. परत बसवताना पायडलच्या टोकावरची ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरं बघा, आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि सुरुवातीचे फेरे हाताने द्या. पाना लावून तिरके आटे चढवले तर दांडा बदलावा लागतो.

काही मुलांना मोठ्या भावंडांच्या मागे नुसतं फिरायचं असतं, तोल-बिल नको. त्यांना लावा बापडे साइड व्हील. फक्त ती जमिनीपासून थोडी वर ठेवा, म्हणजे सायकल जराशी डुलते आणि तोलाची चुणूक तरी मिळते.

जुनी घ्यावी का?

अवश्य. मुलं दोन-तीन वर्षांत सायकलबाहेर वाढतात, त्यामुळे फ्लॅटच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या कितीतरी सायकली नव्यासारख्या असतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा. पण आपल्या नागपूरच्या उन्हाने रबराचं काय होतं ते बघूनच पैसे द्या. टायर हातात दाबून बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसतात का पाहा, ब्रेकचं रबर नखाने टोचून बघा. दगडासारखं कडक झालं असेल तर बदलावं लागेल. गच्चीवर दोन उन्हाळे काढलेल्या सायकलला टायर, ट्यूब, ब्रेक रबर, मुठी असा सगळा खर्च येतो, तो किमतीतून वजा करा. वेल्डिंगच्या जागी गंज फुगलेला किंवा चीर गेलेली दिसली तर फुकट दिली तरी घेऊ नका.

हेल्मेट

भुवयांच्या वर, कानांच्या जरा वरून डोक्याचा घेर टेपने मोजा आणि त्या मापाचं सायकलचं हेल्मेट घ्या. स्कूटरवरचं छोटं हेल्मेट सायकलला नको. ते जड असतं, हवा खेळत नाही आणि त्या मानेला झेपत नाही. आतल्या चिठ्ठीवर ‘ईएन १०७८’ हे मानक लिहिलेलं असेल तर उत्तम. घातल्यावर हेल्मेट भुवयांपासून दोन बोटं वर, सपाट बसलं पाहिजे. पट्टे कानाखाली इंग्रजी ‘व्ही’सारखे यावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकेच सैल असावेत. इथेही वाढत्या अंगाचं माप चालत नाही. झोक्यावर, घसरगुंडीवर जाताना मात्र हेल्मेट आठवणीने काढा, पट्टा अडकून गळा आवळला जाऊ शकतो.

कुठे आणि कधी शिकवायचं

बहुतेक घरांत पहिली सायकल उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की येते, आणि नागपुरात नेमका तोच काळ सगळ्यात वाईट. पारा पंचेचाळीसकडे निघालेला असतो, सकाळी नऊनंतर हँडलला हात लावायची सोय नसते. जमलं तर दिवाळीनंतर घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने शिकायला सोन्यासारखे. उन्हाळ्यातच घ्यावी लागली तर पहाटे सहाला उठायची तयारी ठेवा.

जागा म्हणाल तर लेआउटमधलं नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) मैदान सगळ्यात चांगलं. कडक माती, बारीक गवत, आणि जमलाच तर अगदी हलका उतार. पावसाळ्यानंतर तिथे गोखरूचे काटे असतात, तेव्हा ट्यूब पंक्चर झाली तर सायकलला दोष देऊ नका. सोसायटीचं पार्किंग दुसऱ्या क्रमांकावर, गाड्या निघायच्या आधी. सेमिनरी हिल्सचा उतार शिकाऊ मुलासाठी नाही. फुटाळा तलावावर संध्याकाळी इतकी गर्दी असते की तिथे चालतानाच धक्के बसतात. सायकल नीट येऊ लागली की धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कात नेऊन सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग दाखवा. रस्ता त्यानंतर, आणि तुम्ही सोबत असतानाच.

शिकवायची पद्धत थोडक्यात अशी. पायडल काढलेल्या सायकलवर आधी बसून चालू द्या, मग पाय रेटत पळू द्या. पाय उचलून आठ-दहा सेकंद घरंगळता आलं आणि ब्रेक दाबून थांबता आलं की पायडल लावा. ब्रेक आधी, पायडल नंतर, हा क्रम मोडू नका. पायडल मारायला सुरुवात करताना एक पायडल पुढे आणि थोडं वर हवं, म्हणजे पहिल्याच दाबाला वेग मिळतो. तुम्ही सीट किंवा हँडल धरू नका. हँडल धरलं की तोल तुम्हीच सांभाळता. काखेच्या खाली, पाठीशी हात ठेवा आणि सोबत पळा. त्याने समोर दूर बघायचं, चाकाकडे नाही. वीस मिनिटं झाली की बस. रडवेलं झालेलं लेकरू त्या दिवशी काही शिकत नाही.

पायात पट्ट्याच्या चपला नको, बोटं झाकणारे बूट हवेत आणि लेस आत खोचलेली. मोकाट कुत्रं मागे लागलं तर जोरात पळवायचं नाही, उतरून सायकल मध्ये धरून उभं राहायचं, हे घरीच दोन-चारदा करून दाखवा.

घरी आल्यावर

नवी सायकल पहिल्या पंधरा दिवसांत थोडी सैल होते. नट, हँडल, सीट, पायडल पुन्हा आवळून घ्या. पुष्कळ दुकानं पहिली सर्व्हिस फुकट करून देतात, आपणच जात नाही. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने भरत असाल तर जपून, एवढीशी ट्यूब क्षणात भरते आणि फुटते. मे महिन्यात टम्म हवा भरून सायकल उन्हात ठेवू नका. पावसात भिजली तर कोरडी पुसून चेनवर शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब टाका आणि जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्या, नाहीतर त्यावर धूळ बसून चिखल होतो. रिमला तेलाचा हात लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

तोल पक्का झाला की सीट वर घ्यायला लागा. आता पूर्ण तळवा टेकायची गरज नाही, चवडे टेकले तरी पुरे. सीटच्या दांड्यावर एक मर्यादेची खूण कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसू लागली की त्याहून वर घ्यायची नाही. गुडघे हँडलला लागायला लागले किंवा ती खूण गाठली की पुन्हा पुस्तक, भिंत आणि टेप घेऊन पाय मोजा. जुनी सायकल मामेभावाला द्यायची असेल तर द्यायच्या आधी ब्रेकचे रबर बदलून द्या.